महिंद्राचा हंगाम

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलो. मुंबईचा फुटबॉल मला वर्तमानपत्रातूनच कळायचा. १९९६ पासूनची राष्ट्रीय लीग कोलकाता, गोवा आणि पंजाबचे संघच जिंकत आले होते. २००५-०६च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रा युनायटेडने ती मुंबईत आणली; फेडरेशन चषकही त्याच हंगामात मिळवला. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला.

भिलाईच्या शेजारचा असल्याने मला पोहांग आठवते. दक्षिण कोरियाच्या १९८३च्या पहिल्या व्यावसायिक हंगामात तिथल्या पोलाद कारखान्याचा संघ होता. पुढे त्याने शहराचे नाव लावले. तो आजही खेळतो. महिंद्राच्या नावात मुंबई आलीच नाही. कंपनीने हात काढून घेतल्यावर शहराकडे उरले ते नोंदवहीतले एक वर्ष.