अक्विला व प्रिस्किल्ला : परमुलखांतील एक मिशनरी दांपत्य

ज्युबिलीच्या समयीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच मंदिराच्या पायाभरणीकडे वळते. कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, याची नोंद दप्तरांत असते; आणि ती असावी हें योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेचा इतिहास मंदिरापासून सुरू झाला नाहीं, तो घरापासून सुरू झाला. सीरिया देशांत दुरा-युरोपोस येथें उपासनेसाठीं फेरबदल केलेलें एक घर उत्खननांत सांपडलें आहे. आजवर ठाऊक असलेल्या अत्यंत प्राचीन ख्रिस्ती उपासनास्थानांत त्याची गणना होते, आणि तेंही तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतलें! त्यापूर्वीं दोनशें वर्षें श्रद्धावंतांचा मेळा कोणाच्या तरी ओटीवर वा माडीवरच जमत असे. अशाच एका घराची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मिशनरी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें समुद्र ओलांडून एकटा आलेला, झगा घातलेला धर्मगुरु उभा राहतो. अशा पुरुषांचे आपणांवर अनंत उपकार आहेत. तथापि प्रेषितांच्या काळीं परमुलखांत सुवार्तेची सेवा करणाऱ्यांत एक विवाहित जोडपेंही होतें. पति अक्विला हा काळ्या समुद्राकांठच्या पंत प्रांतांत जन्मलेला यहुदी. पत्नी प्रिस्किल्ला, जिला संत पौल आपल्या पत्रांतून प्रिस्का म्हणतात. हीं उभयतां रोम शहरीं राहत असतां इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य बादशहानें यहुद्यांस शहर सोडण्याचा हुकूम केला, व तीं ग्रीस देशांतील करिंथ येथें येऊन राहिलीं. त्यांस कोणत्याही मंडळानें पाठविलें नव्हतें. वेतन नव्हतें, कीं परतण्याची मुदत नव्हती. हद्दपारी हीच त्यांची पाठवणी झाली.

करिंथ हें जुनें नांव धारण करणारें नवें शहर होतें. इ. स. पूर्वीं १४६ मध्यें रोमन सैन्यानें तें उद्ध्वस्त केलें, आणि इ. स. पूर्वीं ४४ मध्यें जूलियस सीझरनें तेथें पुन्हां वसाहत स्थापिली. एका अंगास लेखियम व दुसऱ्या अंगास किंख्रिया अशीं दोन बंदरें असल्यामुळें खलाशी, व्यापारी व मजूर यांची तेथें सदा वर्दळ असे. जवळच इस्थमस येथें दर दोन वर्षांनीं मोठा क्रीडामहोत्सव भरे. अशा ठिकाणीं तंबू, छतें व कनाती यांस गिऱ्हाईक मिळावें यांत नवल नाहीं. अक्विला व प्रिस्किल्ला यांचा धंदा तंबू करण्याचाच होता.

हें काम चामड्याचें कीं बकऱ्याच्या केंसांच्या जाड कापडाचें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु सुरी, आरी, दाभण व मेण लावलेला दोरा यांवांचून तें होत नसे. करिंथच्या बाजारालगत लहान दुकानांच्या ओळी उत्खननांत सांपडल्या आहेत. कित्येकांची रुंदी सुमारें तीन-चार मीटर इतकीच. त्या काळच्या शहरांत दुकानदाराचें कुटुंब पुष्कळदां दुकानाच्या मागें किंवा माळ्यावर राहत असे. अशाच जागेंत या जोडप्याचे दिवस जात असतील, अशी कल्पना करण्यास हरकत नाहीं. उजाडतांच फळ्या काढाव्या, कापड पसरावें, दिवसभर मान मोडून शिवण घालावी, गिऱ्हाइकाशीं भाव करावा, आणि दिवे लागणीस बोटें चोळीत भाकरीपाशीं बसावें, असा तो क्रम.

संत पौल या घरीं प्रथम आले ते समव्यवसायी कारागीर म्हणून. ते त्यांच्याकडे राहिले, त्यांच्याबरोबर काम करूं लागले, आणि दर शब्बाथवारीं सभास्थानांत जाऊन उपदेश करूं लागले. करिंथांत त्यांचा मुक्काम दीड वर्ष झाला. त्याच काळांत त्यांस गल्लियो नामक सुभेदारापुढें उभें करण्यांत आलें. व डेल्फी येथें सांपडलेल्या एका शिलालेखावरून गल्लियोची कारकीर्द इ. स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. सारांश, करिंथच्या ख्रिस्तसभेचा आरंभ एका दुकानाच्या आधारानें झाला. आणि जो हात दाभण ओढीत होता तोच पुढें अमर पत्रें लिहविता झाला.

पुढें हीं दोघें संत पौलांसह जहाजानें निघून आशियांतील इफिस शहरीं उतरलीं. पौल पुढें गेले. हीं मात्र तेथें राहिलीं. पुन्हां नवें शहर, नवें बिऱ्हाड, नवीं गिऱ्हाइकें! येथेंच आलेक्सांद्रियाचा अपोलोस हा विद्वान व वक्तृत्वसंपन्न पुरुष त्यांस भेटला. त्याचा उत्साह मोठा, पण ज्ञान योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतेंच होतें. या जोडप्यानें त्याचें भाषण ऐकून चारचौघांत त्याचा पाणउतारा केला नाहीं. त्यास आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईनें समजावून दिला. एका पंडितानें तंबूवाल्यांपाशीं बसून शिकावें, आणि शिकविणाऱ्यांत एक स्त्री असावी, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

इफिसहूनच संत पौलांनीं करिंथकरांस पहिलें पत्र धाडिलें. प्रभुभोजनाच्या वेळीं कोणी तृप्त होतो व कोणी उपाशी राहतो, याबद्दल त्यांत करिंथकरांची खरडपट्टी काढली आहे. त्याच पत्राच्या शेवटीं अक्विला व प्रिस्का आणि त्यांच्या घरांतील ख्रिस्तसभा यांचा नमस्कार आहे. त्या काळीं रविवार सुटीचा वार नव्हता. मंडळींस एकत्र यावयाचें तर कामाच्या आधीं किंवा नंतर. अर्धशतकानंतर, इ. स. ११२ च्या सुमारास, अक्विलाच्याच पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी यानें बादशहास कळविलें कीं, ख्रिस्ती लोक ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात. मंडळी घरीं यावयाची म्हणजे कोणीतरी त्याहून लवकर उठून केर काढावा, दिवा लावावा, दार उघडावें. इतिहास या कामाची नोंद ठेवीत नाहीं. परंतु त्यावांचून उपासना होत नाहीं.

इ. स. ५४ मध्यें क्लौद्य मरण पावला. पुढें थोड्याच वर्षांनीं लिहिलेल्या रोमकरांस पत्रांत हीं दोघें रोमला परतलेलीं दिसतात, आणि तेथेंही ख्रिस्तसभा त्यांच्या घरींच भरते! आपल्या जिवासाठीं त्यांनीं स्वतःची मान धोक्यांत घातली, अशी कृतज्ञ साक्ष संत पौल तेथें देतात. तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्यांस शेवटचा नमस्कार येतो; परंपरेप्रमाणें तें पत्र प्रेषिताच्या हौतात्म्यापूर्वीं थोड्याच काळाचें. म्हणजे रोमहून निघाल्यास तोंवर पंधराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, व जोडपें उतारवयास लागलें असावें. नव्या करारांत त्यांचा उल्लेख सहा वेळां आहे. सहाही वेळां नांवें जोडीनेंच येतात, आणि चार वेळां पत्नीचें नांव आधीं येतें. संत योहान क्रिसोस्तोम यांनीं त्यांस केलेल्या नमस्कारावर स्वतंत्र प्रवचनें केलीं, व पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं इ. स. २००७ मध्यें आपल्या एका सार्वजनिक भेटींत त्यांच्यावरच निरूपण केलें.

वाचकहो, आपल्याकडेही अशीं घरें होऊन गेलीं. पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत दिवसा शाळा चालवून सायंकाळीं प्रार्थना सांगणारे मास्तर व त्यांच्या सहधर्मिणी परगांवींच संसार करीत म्हातारीं झालीं. अशांचीं नांवें कोनशिलेवर क्वचितच कोरलेलीं आढळतात. म्हणून आमची एक विनंती आहे. मंदिर होण्यापूर्वीं कोणाच्या ओसरीवर जपमाळ होत असे, परगांवाहून आलेल्या धर्मगुरूंस कोणाच्या घरीं भाकर मिळे, हें आपल्या वडीलधाऱ्यांस आजच विचारावें व लिहून ठेवावें. सांगणारीं माणसें सदैव राहणार नाहींत. ८ जुलै हा संत अक्विला व संत प्रिस्किल्ला यांचा सण आहे. त्या दिवशीं त्या नांवांचें मिस्सेंत स्मरण व्हावें. त्यांच्या मध्यस्थीनें आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराचें दार उघडें राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.