आषाढीच्या दिंडीसाठी चिमुकल्याचा विठ्ठलाचा पोशाख घरी कसा शिवायचा?

आषाढी एकादशी जवळ आली की बालवाडीतून निरोप येतो: मुलांना विठ्ठल-रखुमाई किंवा वारकऱ्याच्या वेशात पाठवा. तयार किंवा भाड्याचा पोशाख मिळतोच. पण तो बहुधा चकचकीत सॅटिनचा असतो, कमरेला सेफ्टी पिनांनी आवळलेला आणि मागे नाडीची गाठ मारलेला. फोटोपुरता छान दिसतो. मात्र तो घालून दोन तास चालायचं, बसायचं आणि शू करायची असते. चार वर्षांचं मूल नेमकं तिथे अडकतं. बाईंच्या हातून गाठ सुटेपर्यंत धोतर ओलं झालेलं असतं.

घरी शिवायचं ते यासाठी. खर्च वाचतो हा त्यातला लहान फायदा.

तसा विठ्ठल हा शिवायला सोपा देव आहे. मुकुट, मकरकुंडलं, तुळशीमाळ, पीतांबर आणि कमरेवर हात, एवढ्यावर तो कुणालाही ओळखू येतो. चेहऱ्याला आणि अंगाला काळा रंग फासायची गरज नाही. पूर्ण बाह्यांचा साधा काळा सुती टीशर्ट तेच काम करतो, शिवाय पावसात उघड्या अंगाला गारठा लागत नाही.

कापड कोणतं?

पिवळं सुती कापड, सव्वा मीटर. काठासाठी जुनी काठापदराची साडी. सुती कापड आटतं, म्हणून कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करावी. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास नसेल तर एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. असं वितळलेलं कापड कातडीला चिकटतं, आणि दिंडीच्या शेवटी आरती असतेच. ब्रिटनमध्ये 2014 साली टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या लहान मुलीचा हॅलोविनचा पोशाख पेटून ती गंभीर भाजली होती. त्यानंतर तिथे अशा पोशाखांच्या सुरक्षिततेवर मोठी चर्चा झाली. असे पोशाख तिथे खेळणी म्हणून तपासले जात, मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना लागू असलेले कडक नियम त्यांना नव्हते.

धोतर नव्हे, धोतरासारखा पायजमा

नेसवलेलं धोतर लहान मुलाच्या अंगावर टिकत नाही. त्यापेक्षा मुलाचा ढगळ पायजमा अर्धा दुमडून वर्तमानपत्रावर ठेवावा आणि भोवती रेघ मारावी. शिलाईसाठी अर्धा इंच माया, घेरासाठी दोन इंच जास्त आणि वर नेफ्यासाठी दीड इंच सोडावा. आसन तोकडं झालं तर मूल मांडी घालू शकत नाही, तेव्हा तिथे हात सैल ठेवावा. लांबी घोट्याच्या थोडी वर.

आता पुढच्या निऱ्या. त्या तयार झाल्यावर पाच इंच रुंद दिसायच्या असतील तर पंधरा इंच कापड लागतं, म्हणजे तिप्पट. आधी खालच्या कडेला काठ जोडावा आणि मगच निऱ्या घालाव्यात. हा क्रम उलटला तर प्रत्येक निरीशी झटापट होते. निऱ्या इस्त्रीने बसवून कच्चा टाका घालावा, वरची कड नेफ्यात धरून टीप मारावी. निऱ्यांची पट्टी पायजम्याहून दोन इंच आखूड असली की पायात येत नाही. नेफ्यात नाडी नको, इलास्टिक घालावं, कमरेच्या मापापेक्षा साधारण दोन इंच कमी. मुलाला ते स्वतः खाली ओढता आणि वर घेता आलं पाहिजे.

शेला खांद्यावर दोन टाक्यांनी टीशर्टलाच जोडावा आणि कमरेशी टिचबटण लावावं. जर टोचते, त्यामुळे काठाची उलटी बाजू अंगाला लागत असेल तिथे मऊ अस्तर द्यावं.

गळा आणि डोकं

तुळशीमाळेचा दोरा पक्का असतो आणि घसरगुंडीला किंवा दाराच्या कडीला अडकू शकतो. अमेरिकेत गळ्याशी ओढायची नाडी असलेली लहान मुलांची जॅकेटं 2011 साली नियमाने धोकादायक ठरवली गेली, ती अशाच गळफासांमुळे. म्हणून माळ गळ्यात न घालता तिचे तुकडे टीशर्टच्या पुढच्या बाजूला टाचावेत. मूल तीन वर्षांहून लहान असेल तर मणीच नकोत. तपकिरी लोकरीची जाड वेणीसुद्धा लांबून माळच वाटते.

मुकुट जड पुठ्ठ्याचा केला तर दहा मिनिटांत मुलाच्या हातात येतो. मऊ सुती टोपी घेऊन तिच्यावर सोनेरी फोम शीटचा उंच मुकुट हाताने शिवावा. हनुवटीखाली बारीक इलास्टिक काचतं, ते टाळावं. मकरकुंडलं कानात अडकवण्याऐवजी टोपीच्या दोन्ही बाजूंना टाकली की कानही सुटतात आणि कुंडलं हरवतही नाहीत.

रखुमाईसाठी हाच पायजमा आणि हीच निऱ्यांची पट्टी, फक्त कापड हिरवं आणि पदर खांद्यावर टाचलेला.

आदल्या संध्याकाळी सगळा पोशाख घालून मुलाला तासभर घरात वावरू द्यावं. दोन्ही हात कमरेवर ठेवायला सांगावं, तेव्हा टीशर्ट काखेत ओढतोय का ते कळतं. जिना चढायला लावावा. आणि एकदा बाथरूममध्ये एकट्याला पाठवून बाहेर थांबावं.