औषध भांडाराची चावी

सोलापुरात 1963 मध्ये सुरू झालेल्या आणि आज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेशी संलग्न असलेले सर्वोपचार रुग्णालय यंत्रमाग व विडी कामगारांचा, तसेच सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातून येणाऱ्या गरिबांचा आधार आहे. त्याच्या औषध भांडारात उतरणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे राज्याच्या औषधखरेदीचा इतिहास उभा असतो.

या इतिहासातील सर्वांत वेदनादायी प्रकरण मुंबईचे आहे. 1986 च्या प्रारंभी जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील व डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक मिसळलेले होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर असल्याने बाटली पाहून भेद कळणे अशक्य होते. तो प्रयोगशाळेतच उघड होऊ शकत होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनातील भ्रष्टाचारावर, रुग्णालयाच्या हलगर्जीपणावर आणि राजकीय हस्तक्षेपावर स्पष्ट बोट ठेवले.

निविदा, म्हणजे पुरवठादारांकडून बंद लिफाफ्यात मागवलेले दर, ही मुळात लाचखोरीला आळा घालणारी पद्धत होय. परंतु दर ठरवणारा, माल स्वीकारणारा आणि देयक मंजूर करणारा यांचे संगनमत झाले, तर तीच पद्धत भ्रष्टाचाराला कायदेशीर आवरण पुरवते. तमिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधाची बॅच, म्हणजे एकाच वेळी तयार झालेला माल, प्रयोगशाळेत तपासण्याची आणि प्रत्येक रुग्णालयाच्या वाट्याचा हिशेब पासबुकात मांडण्याची रीत पाडली. महाराष्ट्राने 2017 मध्ये केंद्रीय खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली, तर 2023 च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले.

तथापि खरेदी एका ठिकाणी आणल्याने प्रश्न संपत नाही, कारण पुरवठा रखडला की रुग्णालयांना स्थानिक खरेदीचा आधार घ्यावा लागतो, जिथे देखरेख विखुरते, आणि नातेवाइकांच्या हाती ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी पडते. म्हणूनच साठा नोंदवही लोकांना पाहता येणे हा सुधारणेचा गाभा आहे. माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी स्वतः करणाऱ्या महाराष्ट्राने, भांडारात काय आले, काय संपले आणि कोणत्या बॅचची तपासणी झाली, हे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीलाही रुग्णालयाच्या फलकावर वाचता येईल, एवढी व्यवस्था उभारलीच पाहिजे.