सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

आमच्या क्षेत्रात आलेल्या प्रत्येक नव्या पोराला 'बग' शब्दाची गोष्ट सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला. पतंग खरा, वही खरी. शब्द मात्र त्याहून जुना, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो आहे. असो. मला त्या नोंदीचा हेवा वाटतो. किडा वहीत चिकटवला की तो 'मेजर' की 'मायनर', यावर मीटिंग घ्यावी लागत नाही.

आमच्याकडे लागते.

या भांडणाचं सगळ्यात मोठं उदाहरण १९९४ चं. थॉमस नाइसली हे अमेरिकेत लिंचबर्ग कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. शाळेत आपण जोडमूळ संख्या शिकलो ना, ११-१३, १७-१९, तसल्या संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते करत होते. जूनमध्ये उत्तर जुळेना. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बाकीचं सगळं, आणि शेवटी संशयित उरला इंटेलचा पेंटियम. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता असतो. त्यात १०६६ नोंदी भरायच्या होत्या, त्यातल्या ५ राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८ यायला हवं, पेंटियम १.३३३७ सांगायचा.

इंटेलला हे त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या तपासणीत कळलं होतं. पुढच्या चिपमध्ये दुरुस्त करू, असं ठरवून ते गप्प बसले. बोभाटा झाल्यावर त्यांनी हिशोब मांडला: ९०० कोटी भागाकारांत एक चूक, म्हणजे सामान्य माणसाला २७,००० वर्षांतून एकदा. डिसेंबरात आयबीएमने स्वतःचा हिशोब मांडला. रोज पंधरा मिनिटं स्प्रेडशीट चालवली तर ४२ लाख भागाकार होतात, आणि खऱ्या आकड्यांत १० कोटींत एक चूक होऊ शकते, म्हणजे दर २४ दिवसांनी एकदा! १२ डिसेंबरला त्यांनी पेंटियमवाले आपले पीसी पाठवणं थांबवलं.

बग तोच. एकीकडे २७,००० वर्षं, दुसरीकडे २४ दिवस. बरं, खोटं कुणीच बोलत नव्हतं, गृहीतकं ज्याने त्याने आपल्या सोयीची धरली होती. (आयबीएमही काही साधुसंत नव्हे, त्यांची स्वतःची पॉवरपीसी चिप बाजारात होतीच.)

परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री पोहे खाताना मी हाच वाद छोट्या आकारात रोज ऐकलाय. मी टेस्टर. एका कंपनीत बिलाच्या बेरजेत एक पैशाचा फरक यायचा. मी 'मेजर' लिहिलं. डेव्हलपर म्हणाला, "काऊन बे, एका पैशासाठी रिलीज थांबवतं का?" आणि 'ट्रिव्हिअल' करून टाकलं. मी परत 'मेजर'. असं चार वेळा झालं. गंमत अशी, की आम्ही दोघंही बगबद्दल भांडतच नव्हतो. अप्रेझलमध्ये माझे बग मोजले जायचे आणि त्याच्या नावावरचेही. एक पैसा ही नुसती निशाणी होती. चुकीचं राउंडिंग आणखी किती ठिकाणी झालंय, हे पाहायला आमच्यापैकी कुणालाच वेळ दिला गेला नाही.

इंटेलचंही भांडण शेवटी गणितापलीकडे गेलं. 'तुम्हाला गरज आहे हे पटवून द्या, मग चिप बदलून देऊ' हे लोकांना झोंबलं. कुणाचं काम महत्त्वाचं हे कारखान्याने का ठरवायचं? २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचं जाहीर केलं. त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

तिथे निदान चिप बदलून मिळाली. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात 'होरायझन' प्रणाली हिशोबात खोटी तूट दाखवायची आणि पोस्ट चालवणाऱ्यांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले भरले जायचे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. २०१३ मध्ये पोस्टाच्या प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी 'बग' या शब्दाऐवजी जरा कमी भडक शब्द सुचव, असं नवऱ्याला विचारलं. त्याने 'एक्सेप्शन' किंवा 'अॅनॉमली' सुचवला. २०२४ मध्ये चौकशीसमोर ती ईमेल वाचली गेली.