तांब्यावरचा हिरवा थर : घासण्याआधी ओळखायला शिका

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपारा येथील बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले. स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी निघाली. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. करंडकात एकात एक अशा चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या डब्या होत्या. सर्वात आत मातीच्या भांड्याचे तुकडे आणि सोन्याची फुले ठेवलेली होती. ते तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

सोपाऱ्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. समुद्राजवळच्या दमट मातीत शतकानुशतके पडून राहिलेल्या तांब्याचे काय होते? आणि ते बाहेर काढल्यावर टिकवायचे कसे? या लेखात आम्ही याच प्रश्नाची माहिती देत आहोत. कारण जुन्या धातूच्या वस्तू संग्रहालयांबरोबरच आपल्या विहारांत, घरांत आणि शेतांतही आहेत. आणि त्यांचे मोठे नुकसान अनेकदा चांगल्या भावनेने, श्रद्धेने केलेल्या साफसफाईतून होते.

क्षरण म्हणजे नेमके काय?

तांबे खाणीत बहुतेक वेळा शुद्ध रूपात मिळत नाही. ते खनिज म्हणून असते. माणूस भट्टी लावून त्यातून धातू काढतो. हवा, पाणी आणि मातीतले क्षार यांच्या सान्निध्यात तांबे पुन्हा खनिजाकडे परत जाऊ लागते. यालाच क्षरण म्हणतात. घरच्या भाषेत आपण त्याला जंगाल म्हणतो. कांसे म्हणजे तांबे आणि कथील, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. या मिश्रधातूंचेही असेच होते.

हा थर एकाच प्रकारचा नसतो. त्याचे रंग ओळखता आले पाहिजेत :

- लाल-तपकिरी : तांब्याचा ऑक्साइड, म्हणजे क्युप्राइट. हा बहुधा धातूला अगदी चिकटून असतो.
- काळा : ऑक्साइड किंवा गंधकाच्या संपर्काने झालेला सल्फाइड.
- गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट : मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचा कार्बोनेट. निळा दिसला तर तो अझुराइट.
- फिकट हिरवी, सैल भुकटी, ठिपक्या-ठिपक्यांनी : हे आजाराचे लक्षण आहे.

पहिले तीन प्रकार सहसा स्थिर असतात. घट्ट हिरवा थर आतल्या धातूचे संरक्षणही करतो. चौथा प्रकार मात्र वस्तू आतून खात असतो. इंग्रजीतील नावावरून त्याला ‘ब्रॉन्झ डिसीज’, म्हणजे कांस्यरोग म्हणतात. तो शुद्ध तांब्यालाही होतो.

कांस्यरोग कसा होतो?

याचे मूळ क्लोराइडमध्ये, म्हणजे मिठात आहे. मातीतले किंवा खाऱ्या हवेतले क्लोराइड धातूपर्यंत पोहोचले की तांब्याचा क्युप्रस क्लोराइड तयार होतो. तो थराखाली दडून बसतो. जमिनीखाली तो शांत राहतो, पण वस्तू बाहेर काढली की त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळतो. मग त्यातून फिकट हिरवी भुकटी आणि आम्ल तयार होते. ते आम्ल पुन्हा नव्या तांब्यावर चढते, पुन्हा क्लोराइड होते, पुन्हा आम्ल सुटते. हे चक्र आपोआप थांबत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्तेलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही चक्राकार प्रक्रिया मांडली होती.

हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या खाली असेल तर हे चक्र मंदावते किंवा थांबते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे आपल्याकडच्या उघड्या कपाटात ठेवलेली रोगट वस्तू दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत असते.

थरातच इतिहास असतो

अनेकांना वाटते की हिरवा थर म्हणजे घाण आणि खरी वस्तू त्याच्याखाली आहे. प्राचीन वस्तूंच्या बाबतीत हे बहुधा खरे नसते. शेकडो वर्षांत वरचा धातू खनिजात बदललेला असतो. कारागिराने कोरलेली रेघ, अक्षर, चेहऱ्यावरचा भाव हे सारे त्या खनिजाच्या थरात टिकून असते. थर काढला की खाली चकचकीत धातू मिळतो, पण मूळ पृष्ठभाग निघून गेलेला असतो.

तक्षशिलेजवळच्या कलवान विहारात सापडलेल्या ताम्रपटाचे उदाहरण घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील या पटावर खरोष्ठी लिपीत चंद्राभी नावाच्या उपासिकेचा उल्लेख आहे. तिने स्तूपात धातू, म्हणजे अस्थी-अवशेष स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ती राणी नव्हती. तिच्या दानाची आठवण आपल्यापर्यंत आली, ती एका पातळ तांब्याच्या पत्र्यावरच्या अक्षरांमुळे. असा पत्रा कोणी आम्लात बुडवून घासला असता, तर एका बौद्ध स्त्रीचे नाव कायमचे पुसले गेले असते.

क्षरणाचा आणखी एक उपयोग आहे. तांब्याचे क्षार जंतूंना मारक असतात. त्यामुळे तांब्याला चिकटलेले कापड, सूत, लाकूड लवकर कुजत नाही. पुणे जिल्ह्यातील चांदोली आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन उत्खननांत तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेष अशाच रीतीने टिकले. महाराष्ट्रात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोक कोणता धागा वापरत होते, हे आपल्याला त्या जंगालाने सांगितले. मणी धुऊन चकचकीत केले असते, तर हा पुरावा नळाच्या पाण्याबरोबर वाहून गेला असता.

प्रयोगशाळेत काय करतात?

भारतात या कामाला शंभर वर्षांची परंपरा आहे. पुरातत्त्व खात्यात १९१७ मध्ये रसायनतज्ज्ञाची नेमणूक झाली आणि मोहम्मद सनाउल्लाह यांनी ही शाखा उभी केली. आज ती देहरादून येथे आहे.

मद्रासच्या शासकीय संग्रहालयाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. चोळांच्या काळात नागपट्टिनम या बंदरात श्रीविजयच्या राजाने चूडामणि विहार बांधला होता. त्या परिसरात १८५६ पासून पुढे सुमारे साडेतीनशे बौद्ध कांस्यमूर्ती मिळत गेल्या. त्यांतील मोठा भाग या संग्रहालयात आहे. तेथील कांस्यमूर्तींना क्षरणाने ग्रासले, म्हणून १९३० मध्ये संग्रहालयाने स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा सुरू केली. एस. परमशिवन यांनी तेथे विजेच्या साहाय्याने क्लोराइड काढण्याची पद्धत वापरली. म्हणजे मूर्ती वाचवण्यासाठी देशात एक विज्ञानशाखा वाढली.

आता पद्धती बदलल्या आहेत. विजेची पद्धत थरही काढून टाकते, म्हणून ती जपूनच वापरतात. आजचा क्रम साधारण असा असतो :

१. आधी फोटो, वजन, मोजमाप आणि लेखी नोंद.

२. सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. क्ष-किरण छायाचित्रात थराखालची अक्षरे किंवा तडे दिसतात. क्ष-किरणांच्याच दुसऱ्या तंत्राने, तुकडा न तोडता, धातूत काय काय मिसळले आहे ते कळते.

३. फक्त नको असलेला थर बारीक हत्याराने, भिंगाखाली, कणाकणाने काढणे. एका छोट्या नाण्यालाही कित्येक तास लागतात.

४. क्लोराइड बाहेर काढणे. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात वस्तू आठवडे, कधी महिने ठेवावी लागते.

५. बेन्झोट्रायझोल हे रसायन देऊन क्षरण रोखणे. १९६७ पासून ते या कामासाठी प्रसिद्ध आहे. ते आरोग्याला घातक ठरू शकते, म्हणून घरी वापरायची गोष्ट नव्हे.

६. शेवटी संरक्षक लेप आणि कोरड्या जागी साठवण.

विहारात आणि घरी काय करावे?

आम्ही वस्त्यांतील विहारांत जातो, तेव्हा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मूर्ती आणि समया घासण्याचे काम हमखास दिसते. चिंच, लिंबू-मीठ, भांड्यांची पावडर, काथ्या. अलीकडच्या मूर्तीला आणि रोजच्या भांड्यांना त्याने फारसे बिघडत नाही. पण वस्तू जुनी असेल तर नेमके हेच घातक आहे. चिंच-लिंबाचे आम्ल थर विरघळवते, काथ्या रेघा घासून टाकतो आणि मीठ तर कांस्यरोगाला लागणारे क्लोराइडच आयते पुरवते. म्हणून :

- जुनी वाटणारी धातूची वस्तू पाण्याने, चिंचेने, आम्लाने धुऊ नका. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढणे पुरेसे आहे.
- हाताच्या घामातही मीठ असते. हातमोजे घालून किंवा स्वच्छ सुती कापडाने धरा.
- हळद-कुंकू, तेल, दूध, रंग लावू नका.
- लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या बंद पेटीत ठेवू नका. त्यांतून आम्लाची वाफ सुटते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या हा स्वस्त उपाय आहे. पुड्या वेळोवेळी बदला.
- वस्तू काळ्या कागदावर ठेवून काही दिवस पाहा. फिकट हिरवी भुकटी पडली तर ती बाकीच्या वस्तूंपासून वेगळी, कोरडी ठेवा आणि तज्ज्ञांना दाखवा.

शेतात किंवा पाया खणताना काही सापडले तर ते जागचे हलवू नका, फोटो काढा. १९७४ मध्ये दायमाबादच्या प्रसिद्ध धातुशिल्पांचा शोध लागला, तो झाडाचे मूळ खणणाऱ्या एका भिल्ल ग्रामस्थामुळे. ती भंगारात गेली असती तर आज पाठ्यपुस्तकात नसती. १८७८ च्या भूगत निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शोधणाऱ्याच्या हक्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. अर्जाची पोच घ्या आणि तारीख जपून ठेवा.

आपली मुले या प्रयोगशाळांत कधी दिसणार?

बुद्धकालीन वारशावर दावे-प्रतिदावे होतात, तेव्हा आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. ते आवश्यकच आहे. पण लेख कोणता, थर कोणत्या काळातला, धातू कुठला हे शेवटी प्रयोगशाळेत ठरते. तेथे बसून अहवाल लिहिणारा माणूस आपल्यातलाही असावा, असे आम्हाला वाटते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुला-मुलींना हा मार्ग मोकळा आहे. पूर्वी राष्ट्रीय संग्रहालय संस्था या नावाने चालणाऱ्या नोएडातील भारतीय वारसा संस्थेत संवर्धनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा, पुण्याचे डेक्कन कॉलेज, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र येथेही या क्षेत्रातील काम चालते. करिअर मार्गदर्शन शिबिरांत स्पर्धा परीक्षांच्या बरोबरीने या नावांचाही फलक लागला पाहिजे.

वर्षावासात विहारांत माणसे नियमित जमतात आणि हवेतला ओलावाही त्याच महिन्यांत सर्वाधिक असतो. या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक वही करावी. आपल्याकडील प्रत्येक जुन्या धातुवस्तूचा फोटो, उंची, वजन, कोणी दिली, कधी दिली आणि थराचा रंग कसा आहे, एवढी नोंद पुरे. पुढच्या वर्षी तोच फोटो पुन्हा काढून शेजारी लावा. फरक दिसला तर वस्तू घासायला न घेता ती वही घेऊन जवळच्या शासकीय संग्रहालयात जा.