डांबून ठेवल्याने साथ थांबते का?

१९८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात गोव्यात एका तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात नेऊन ठेवले. दाराशी पहारा बसवला. डॉमनिक डिसोझा हे त्याचे नाव. गुन्हा म्हणाल, तर तो नियमाने रक्तदान करीत असे, आणि त्याने दिलेल्या रक्तात एच.आय.व्ही.ची लागण आढळली होती. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. चौसष्ट दिवसांनी तो घरी परतला. परंतु कायद्यातली ती तरतूद न्यायालयाने अंतिम निकालात वैधच ठरवली. १९९२ साली डॉमनिकचा मृत्यू झाला. त्याआधी त्याने एच.आय.व्ही.बाधितांसाठी संस्था उभारली होती.

रोग्याला वेगळे ठेवावे हा विचार वरवर पाहता शास्त्रीय वाटतो. प्लेग आणि देवीच्या साथींपासून आपण तो ऐकत आलो आहोत. मग येथे चुकते कोठे? हे समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षे आणखी मागे जावे लागते, कारण हा प्रयोग आपल्या देशात पूर्वी एकदा होऊन गेला आहे.

छावण्या आणि लॉक हॉस्पिटले

१८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली. त्यांच्यात उपदंश (गरमी) आणि परमा या रोगांचे प्रमाण फार मोठे होते. १८६४ साली छावण्यांसाठी आणि १८६८ साली इतर शहरांसाठी कायदे झाले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी नाव नोंदवायचे, ठरावीक दिवसांनी तपासणीला यायचे, आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये बंदिस्त राहायचे, अशी व्यवस्था होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना कायद्याने अशी कोणतीच सक्ती केली नव्हती. इंग्लंडमध्येही १८६४ ते १८६९ या काळात असेच कायदे झाले. जोसेफीन बटलर यांनी १८६९ पासून त्यांच्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. शेवटी इंग्लंडमधला कायदा १८८६ साली आणि हिंदुस्थानातला १८८८ साली रद्द झाला.

अन्यायाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. केवळ विज्ञानाच्या कसोटीवर तरी ही व्यवस्था टिकते का? परम्याचा जंतू नायसर यांना १८७९ साली सापडला. उपदंशाचा जंतू शाउडिन आणि हॉफमन यांनी १९०५ साली दाखवला आणि वासरमान यांची रक्तचाचणी १९०६ साली आली. म्हणजे १८७० च्या सुमारास डॉक्टरांची तपासणी निव्वळ डोळ्यांनी होत होती. परम्याची लागण झालेल्या कित्येक स्त्रियांमध्ये बाह्य लक्षण काहीच नसते. उपदंशाचा पहिला व्रण तर उपचाराशिवायही भरून येतो, जंतू मात्र शरीरातच राहतो. उपचार पाऱ्याचे होते आणि त्यांनी रोग समूळ जाण्याची खात्री नव्हती. 'बरी झाली' म्हणून सोडलेली स्त्री खरोखर बरी झाली आहे, हे कोणीही सांगू शकत नव्हते.

तीन संख्यांचा गुणाकार

यातले तत्त्व वर्गात फळ्यावर मांडता येते. एका बाधित व्यक्तीपासून सरासरी किती जणांना लागण होईल? ही संख्या ढोबळमानाने तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : ठरावीक काळात येणारे नवे जोडीदार, एका जोडीदाराला लागण होण्याची शक्यता आणि ती व्यक्ती संसर्गक्षम राहण्याचा काळ. हा गुणाकार एकापेक्षा मोठा असेल तर साथ वाढते, एकापेक्षा लहान असेल तर ओसरते.

वर्षाला दोन जोडीदार, लागणीची शक्यता निम्मी आणि काळ दोन वर्षे असे धरले, तर गुणाकार दोन येतो. लवकर उपचार होऊन काळ सहा महिन्यांवर आला, तर तोच गुणाकार अर्धा होतो. येथे कोणालाही कोंडावे लागले नाही. आता शिक्षेच्या भीतीने माणसे दवाखाना टाळू लागली तर काय होईल? काळ लांबेल आणि गुणाकार वाढेल. सक्तीच्या कायद्यांचे नेमके हेच होते. नोंदणी चुकवणाऱ्या स्त्रिया लपून राहत, आणि साखळीतला दुसरा दुवा, म्हणजे पुरुष, हिशेबातच नसे.

दार उघडे ठेवल्यावर

विसाव्या शतकात वारे हळूहळू बदलले. १९१० साली पॉल अर्लिक यांचे साल्व्हरसान हे औषध बाजारात आले. ब्रिटनमध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९१६ साली मोफत आणि गुप्तता राखणाऱ्या उपचारांची शिफारस केली, आणि तशी केंद्रे सुरू झाली. १९४३ साली उपदंशावर पेनिसिलिनचा गुण दिसून आला. महाराष्ट्रात या विषयावरचे मौन मोडण्याचे काम र. धों. कर्वे यांनी केले. १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

भारतात एच.आय.व्ही. प्रथम आढळला तो १९८६ साली, चेन्नईत (तेव्हाचे मद्रास). डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी गोळा केलेल्या नमुन्यांपैकी सहा बाधित निघाले. पहिली प्रतिक्रिया जुनीच होती : भीती आणि बंदिवास. गणित मात्र या वेळी सक्तीच्या आणखी विरुद्ध होते. या विषाणूची लागण होऊनही माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसतो. एका डॉमनिकला डांबले, तरी तपासणीच न झालेले कितीतरी लोक बाहेर असणार, आणि डॉमनिकचे हाल पाहून तपासणीला कोण पुढे येणार?

१९९२ च्या सुमारास वेगळी वाट दिसू लागली. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्या वस्तीतल्याच स्त्रियांना आरोग्यशिक्षिका केले. सुरुवातीला तेथे निरोधचा वापर जेमतेम काही टक्के होता. काही वर्षांतच तो बहुसंख्येने होऊ लागला. त्याच सुमारास सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने हेच सूत्र धरले. पुढे तेथील स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी केली. ज्यांना पूर्वी रोगाचे मूळ मानले गेले, त्याच रोग रोखणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. त्यानंतर २०११ साली नऊ देशांतल्या सतराशेहून अधिक जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पुणे आणि चेन्नईही त्यात सहभागी होते. बाधित जोडीदाराला लवकर औषधे दिल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे दिसले. आता तर आपण असे म्हणू शकतो की औषधांमुळे रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. या शोधाचा उपयोग मात्र जो आपणहून तपासणीला येतो त्यालाच. म्हणूनच २०१७ साली झालेल्या आणि २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने तपासणीसाठी संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक केली.

आणि आपला वर्ग?

२००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. न बोलण्याने मुले सुरक्षित राहतात, अशी त्यामागची समजूत होती. वरचा गुणाकार पाहिला की हे मौन किती महाग पडते ते लक्षात येते. ज्या मुलाला आपल्या शंकेबद्दल विचारायलाच लाज वाटते, तो मोठेपणी दवाखान्याची पायरीही उशिराच चढेल, आणि तेवढा काळ लांबेल. जीवशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहून दिलेल्या प्रश्नाला न रागावता, न हसता सरळ उत्तर देणारा शिक्षक हाही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.