फ्रेंच कलश व त्यांचे सोनेरी कोंदण

वाशीमचा आणि फ्रेंच शोभापात्रांचा संबंध तो काय, असे वाचक सहज विचारतील. हा संबंध हैदराबादेच्या वाटेने येतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, आणि त्याबरोबर वाशीमही, निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्याच वर्षी दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ते परत मिळविण्याचा ध्यास घेतला. १८७६ साली ते विलायतेस गेले तेव्हाही हाच प्रश्न त्यांच्या मनात होता. वऱ्हाड मिळाले नाही. रोमहून बेन्झोनीची संगमरवरी ‘बुरखाधारी रेबेका’ मात्र हैदराबादेस आली! पुढे त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांनी हा संग्रह अपार वाढविला व त्याचे संग्रहालय १९५१ मध्ये खुले झाले. सेव्हरच्या कारखान्यातील चिनी मातीची पात्रे वऱ्हाडच्या रसिकास तेथे पाहावयास मिळतात.

अशा फ्रेंच पात्रांपुढे उभे राहिले म्हणजे दृष्टी प्रथम मातीवर किंवा दगडावर खिळते. आमच्या मते खरी करामत कोंदणाची आहे. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम व १७४८ मध्ये पाँपेई येथे उत्खनने सुरू झाली, आणि प्राचीन कलशांच्या घाटाने फ्रेंच सरदारांस वेड लावले. जांभळा पॉर्फिरी दगड, जास्पर, चीनहून आलेली फुलदाणी, काहीही असो. त्यास सोनेरी काशाची बैठक, काठ व मुठी बसवावयाच्या आणि मुठींवर मेंढ्यांची मस्तके व पानांच्या माळा कोरावयाच्या. आपल्याकडे कोंदण हिऱ्यास करतात. तेथे ते कलशास केले. वाशीमास भवानी काळू बालाजीचे मंदिर उभारीत होता, त्या काळात पॅरिसमध्ये प्येर गुतिएर हे काम करीत होता. झगझगीत सोन्याशेजारी निस्तेज, मखमली सोन्याचा मुलामा देण्याचे श्रेय त्यासच देतात. १७८२ मध्ये ड्यूक दोमाँ याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा त्याच्या हातच्या वस्तू खुद्द राजाराणींनी घेतल्या. परंतु मादाम द्यू बारी हिच्याकडील मोठी रक्कम बुडाली आणि १८१३ मध्ये हा कारागीर दारिद्र्यात वारला.

यांहून दारुण कथा ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत त्या मुलामा देणाऱ्यांची. सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा कोरलेल्या काशावर फासावयाचा व कोळशाच्या निखाऱ्यावर धरावयाचा. पारा वाफ होऊन उडे, सोने मागे राही. आपल्या सोनारांसही ही रीत ठाऊक होती. परंतु पॅरिसच्या कोंदट कारखान्यांत ती वाफ दिवसेंदिवस कामगारांच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात हलत. ज्या हाताने माळेचे पानन् पान उजळावयाचे, तोच हात आधी निकामी होई.

आंद्रे रावरिओ हा स्वतः काशाच्या कामाचा नामांकित कारखानदार. या कामगारांचे रक्षण करणारा उपाय जो शोधील त्यास ३,००० फ्रँक द्यावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेविले. १८१८ मध्ये ते पारितोषिक रसायनशास्त्रज्ञ दार्से यास मिळाले: त्याच्या भट्टीस असे धुराडे होते की, पाऱ्याची वाफ कामगाराच्या तोंडाकडे न येता वर ओढली जाई. विजेने मुलामा देण्याची युक्ती निघाली ती १८४० च्या सुमारास. रावरिओ मात्र यांपैकी काहीच पाहू शकला नाही. १८१४ मध्येच त्याचा अंत झाला होता.